शुक्रवारची उचकी

युद्धनौकेचं बारसं करताना जपानी माणूस अतिशय हळवा होतो. क्षेपणास्त्रं, तोफा, पाणतीर असा सगळा सरंजाम भरून झाला की तो थोडा वेळ आभाळाकडे बघतो आणि त्या जहाजाला धुक्याचं, चांदण्याचं, नाहीतर पावसाच्या एखाद्या सरीचं नाव देऊन मोकळा होतो. आपल्याकडे कोथरूडमधल्या बंगल्यांना असतात तशी ही नावं. आपण ज्या जहाजाला विनाशिका म्हणतो त्याला ते विनाशिका म्हणतही नाहीत. त्यांच्या शब्दाचा अर्थ ‘सोबत करणारं जहाज’ असा होतो. जहाजावर दीडशे किलोमीटरवरचं विमान पाडायची सोय असते, पण ती सोबत म्हणून.

‘युनागी’ हे अशाच एका नव्या वर्गातलं पहिलं जहाज. दिवसभराचा खारा वारा पडतो, रात्रीच्या मतलईला अजून अवकाश असतो, आणि मधे घटकाभर समुद्र तव्यासारखा सपाट होतो, त्या वेळेला जपानीत युनागी म्हणतात. यतीन केळुसकरला हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही. तो वेंगुर्ल्याचा. ती घटका त्याने लहानपणी धक्क्यावर बसून पुष्कळ पाहिली होती आणि तिला काही नाव असावं असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

यतीन बावन्न वर्षांचा ध्वनी अभियंता. हिंजवडीच्या ‘निःस्वन सिस्टिम्स’ कंपनीने त्याला आठ आठवड्यांसाठी युनागीवर पाठवलं होतं, कारण कंपनीचं ‘मौनी’ नावाचं यंत्र या जहाजात बसवलं होतं. यंत्र चाललं तर या वर्गाच्या आठही जहाजांत ते बसणार होतं आणि यतीनला कुरे बंदरात तीन वर्षांची नेमणूक मिळणार होती. नाही चाललं, तर कंपनी त्याला पुन्हा मॉलमधल्या सरकत्या जिन्यांचा आवाज कमी करायला पाठवणार होती.

मौनीचं काम समजायला झोपाळा डोळ्यांपुढे आणावा. झोपाळा आपल्याकडे येत असताना त्याला नेमक्या वेळी, नेमक्या जोराने उलटा धक्का दिला तर तो जागच्या जागी थांबतो. आवाज म्हणजे पुढेमागे हलणारी हवा, नाहीतर हलणारं पाणी, नाहीतर हलणारं पोलाद. त्यालाही उलटा धक्का देता येतो. युनागीच्या पोटाला आतून अकरा हजार टिकल्या लावलेल्या होत्या, रुपयाएवढ्या. जहाजाच्या आत कुठेही खुट्ट झालं की पोलाद थरथरणार, आणि टिकल्या तेवढ्याच थरथरीने, पण उलट बाजूने थरथरणार. दोन्ही मिळून शून्य. बाहेर समुद्रात कान लावून बसलेल्या पाणबुडीला काही ऐकू येणार नाही.

अडचण वेळेची होती. पोलादातून आवाज सेकंदाला पाच किलोमीटर धावतो. भटारखान्यात चमचा पडला की तो आवाज जहाजाच्या तळाला पोचायला डोळ्याची पापणीसुद्धा लवत नाही. म्हणजे आधी ऐकून मग उलटा धक्का द्यायचा म्हटलं तर उशीरच होणार, आणि झोपाळ्याला चुकीच्या वेळी धक्का दिला की तो थांबत नाही, उलट जास्त जोराने येतो आणि लागतो. तेव्हा मौनी ऐकून उत्तर देत नसे. चमचा पडायच्या आधीच त्याला ठाऊक असे की आता तो पडणार.

हे ठाऊक असण्यासाठी त्याने जहाजावरच्या एकशे साठ माणसांचा अभ्यास केला होता. कोण डावा पाय जोरात टाकतो, कोण दार सोडून देतो, कोण जेवण झाल्यावर किती मिनिटांनी खाकरतो. यंत्र शिकत गेलं तशी माणसंही शिकत गेली. जेवणघरात एक मोठा पडदा होता आणि त्यावर प्रत्येकाचे नियमितपणाचे गुण रोज सकाळी लागत. गुण लावले की माणूस सुधारतो, निदान जपानी माणूस सुधारतोच. महिन्याभरात सगळे जण ठरल्या पावलांनी चालू लागले, ठरल्या वेळी जांभई देऊ लागले. विनोद सांगायचा असेल तर लोक आदल्या दिवशी पूर्वसूचना देत. जहाजाचे प्रमुख कॅप्टन ताचिबाना यांना सत्त्याण्णव गुण होते. भटारखान्याचे प्रमुख ओकामोतो झाकणं पाडत, म्हणून ते एक्क्याण्णवावर अडकले होते.

सर्वांत वर यतीन केळुसकर होता. नव्याण्णव पूर्णांक चार.

ज्या दिवशी हा आकडा लागला त्या दिवशी सगळ्या जेवणघराने उभं राहून टाळ्या वाजवल्या, अर्थात मौनीला आधी सांगून. यतीनला भरून आलं. दहावीनंतर त्याला असे गुण पडले नव्हते. त्याने पडद्याचा फोटो काढून पुण्याला बायकोला पाठवला.

बायकोचं, म्हणजे वृंदाचं, उत्तर लगेच आलं. “मला विचारलं असतंत तर मी बावीस वर्षांपूर्वीच सांगितलं असतं. यंत्र कशाला बनवलंत?”

वृंदा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत असे. एरवी ती नवऱ्याला अरेतुरे करी. ‘तुम्ही’ म्हणू लागली की यतीन जेवणाचं ताट उचलून मुकाट्याने दुसऱ्या खोलीत जात असे. आता दुसरी खोली चार हजार मैलांवर असल्याने त्याने फोन खिशात ठेवला.

तिचं म्हणणं नवं नव्हतं. तिने नोकरी सोडायचं ठरवलं होतं. वेंगुर्ल्याला तिच्या वडिलांची जागा होती, तिथे तिला कलमांची रोपवाटिका काढायची होती. आणि तिने यतीनला, तो जपानला निघायच्या आदल्या दिवशी, बॅग भरताना एकच प्रश्न विचारला होता. तीन वर्षं कुऱ्याला राहणार, की तिच्याबरोबर वेंगुर्ल्याला येणार?

“बघू,” यतीन म्हणाला होता.

वृंदाने बॅगेत लाल झाकणाची बरणी ठेवली, तिच्यात तिच्या आईच्या हातचा मालवणी मसाला. “बरणी परत आण,” एवढं म्हणून तिने चेन लावली.

मग सराव सुरू झाला. तो नऊ दिवसांचा होता. एक पाणबुडी शत्रू व्हायची, युनागीने तिच्यापासून लपायचं, आणि शेवटच्या शुक्रवारी चार वाजेपर्यंत सापडलं नाही तर यंत्र उत्तीर्ण. या नऊ दिवसांत जहाजावरून बाहेर एक अक्षर जाणार नव्हतं. येणारे निरोप घ्यायला हरकत नव्हती, कारण ऐकण्याचा आवाज होत नाही. पण घरच्यांना नऊ दिवस उत्तरच नाही म्हटल्यावर त्यांनी काळजी करू नये, म्हणून निःस्वन कंपनीने एक सेवा मोफत दिली होती. मौनीची एक हुबेहूब प्रत कुरे बंदरात ठेवलेली होती. माणूस कधी शिंकेल हे ज्याला कळतं, त्याला तो बायकोला काय लिहील हे कळणं अवघड नाही. जहाजावरच्या प्रत्येकाच्या घरी, तो स्वतः जे लिहिता तेच उत्तर ती प्रत पाठवणार होती. सगळ्या घरांना तसं रीतसर पत्र गेलं होतं. वृंदाने सही करून ते परत पाठवलं होतं.

जहाजावरच्या मौनीचा अंदाज आणि किनाऱ्यावरच्या मौनीचा अंदाज एकच असल्याने यतीनला आपल्या पडद्यावर दोन्ही बाजू दिसत. वृंदाचे निरोप यायचे, आणि खाली आपण काय उत्तर दिलं तेही उमटायचं, खात्रीच्या आकड्यासकट. जगात फार थोड्या नवऱ्यांना ही सोय मिळाली असेल.

सोमवारी वृंदाने लिहिलं, गॅसवाला आज पण आला नाही.

‘परत फोन कर.’ खात्री नव्याण्णव.

बरोबर, यतीनला वाटलं. आपणही हेच सांगितलं असतं.

मंगळवारी तिने जांभळाच्या चाळीस कलमांचा फोटो पाठवला आणि खाली लांबलचक लिहिलं. नर्सरीतल्या माणसाने कशी फसवी कलमं पुढे केली, तिने पानं उलटी करून कशी ती ओळखली, आणि मग खरी कलमं कशी मागच्या शेडमधून निघाली.

‘छान.’ खात्री नव्याण्णव पूर्णांक पाच.

यतीनने तो ‘छान’ बराच वेळ पाहिला. त्यात चूक काही नव्हती. फक्त तो दुसऱ्या कुणी लिहिला असल्यामुळे पहिल्यांदाच त्याला दिसत होता.

बुधवारी तिने विचारलं, “यतीन, हे तू लिहितोयस का ते यंत्र?”

‘मीच.’ खात्री नव्याण्णव पूर्णांक सहा.

यतीन खुर्चीतून उठला. धडधडीत खोटं. मग त्याच्या लक्षात आलं की यंत्राने खोटं सांगितलंच नव्हतं. त्याला कुणी असा प्रश्न विचारला असता, तर तोही ‘मीच’ म्हणाला असता. यंत्र फक्त अचूक होतं. त्याच्या अचानक उठण्याने मौनीच्या टिकल्या क्षणभर गोंधळल्या, आणि वरच्या मजल्यावरून एका अधिकाऱ्याने येऊन अतिशय नम्रपणे विचारलं की केळुसकर-सान, आपली प्रकृती ठीक आहे ना?

गुरुवारी सकाळी पत्र आलं. निरोप नाही, पत्र.

“आदरणीय मौनी यंत्रास, स. न. वि. वि. गेले सात दिवस आपण माझ्या नवऱ्याचं काम पाहत आहात. काम चोख आहे. तक्रार एवढीच आहे, की मला काही फरक जाणवला नाही. आता एक शेवटचा प्रश्न. मी शनिवारी वेंगुर्ल्याला निघते आहे. मी एकटी जाते आहे की मागून कुणी येणार आहे, हे मला उद्या दुपारी बारापर्यंत कळवावं. त्याप्रमाणे मी घरातलं सामान लावीन. दुसरी कॉट ठेवायची की तिथे रोपांचे ट्रे ठेवायचे, एवढाच प्रश्न आहे. आपण माझ्या नवऱ्याला माझ्यापेक्षा जास्त ओळखता असं ऐकते. आपली, वृंदा केळुसकर.”

पुण्यातले दुपारचे बारा म्हणजे जहाजावरचे साडेतीन. सराव संपणार चारला. किनाऱ्यावरच्या प्रतीने उत्तर अजून पाठवलं नव्हतं, कारण यतीन कठीण प्रश्नांची उत्तरं शेवटच्या मिनिटाला देतो हेही तिला माहीत होतं. पण उत्तर तयार होतं आणि पडद्यावर दिसत होतं.

‘बघू.’ खात्री नव्याण्णव पूर्णांक आठ.

यतीन कॅप्टनकडे गेला. पुण्यात जपानी शिकलेली माणसं गल्लोगल्ली आहेत. तोही त्यांतलाच, त्यामुळे आपली अडचण त्याने जपानीत, तीन वेळा क्षमा मागून सांगितली. फक्त एक निरोप, चार शब्दांचा. कॅप्टन ताचिबानांनी डोळे मिटून दातांमधून हवा आत ओढली. जपानी माणूस अशी हवा ओढतो तेव्हा नकार येऊन गेलेला असतो, फक्त ऐकणाऱ्याला तो नंतर कळतो. त्यांनी विचारलं, की चार शब्द कोणते?

आणि इथे यतीनची पंचाईत झाली. ते त्याने ठरवलं नव्हतं.

“बघतो,” तो म्हणाला, आणि वाकून बाहेर आला.

आता शुक्रवारच्या कढीबद्दल, म्हणजे करीबद्दल सांगायला हवं. जपानी नौदलात दर शुक्रवारी दुपारी करी-भात असतो. समुद्रावर सगळे दिवस सारखे असतात, कोणता वार ते समजेनासं होतं, तेव्हा करी आली की शुक्रवार, असा तो रिवाज आहे. प्रत्येक जहाजाची करी वेगळी असते, तिची कृती जपून ठेवतात, आणि कुणाची करी उत्तम यावरून जहाजाजहाजांत इतकी चुरस असते की क्षेपणास्त्रांवरून तेवढी नसेल. युनागीच्या करीचा गेल्या स्पर्धेत शेवटून दुसरा नंबर आला होता. ती दाट होती, गोडसर होती, तिच्यात सफरचंद किसून घातलेलं होतं. यतीनला पहिल्या शुक्रवारी ती खाऊन आपल्याला ताप येणार असं वाटलं होतं, कारण त्याच्या घरी अशा चवीचं फक्त आजाऱ्याला देत.

दुसऱ्या शुक्रवारपासून तो लाल झाकणाची बरणी घेऊन जेवायला बसू लागला. भटारखान्याचे प्रमुख ओकामोतो हे लांबून पाहत. बुटके, गंभीर, चाळिशीतले गृहस्थ. एकदा त्यांनी करंगळीच्या टोकाने मसाला चाखला, भिंतीकडे तोंड करून बराच वेळ उभे राहिले, आणि परत आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि स्पर्धा होती.

त्या गुरुवारी यतीन कॅप्टनच्या खोलीतून बाहेर पडला तेव्हा ओकामोतो जिन्यात उभे होते. उद्याच्या करीत हा मसाला घालायची परवानगी द्याल का, असं त्यांनी विचारलं. यतीनचं अर्धं लक्ष नव्हतं. त्याने बरणी आणून हातात दिली.

“एकशे साठ माणसांना किती ग्रॅम?” ओकामोतोंनी वही काढली.

वृंदाची आई काय, वृंदा काय, यतीनची स्वतःची आई काय, मसाला ग्रॅममध्ये घालणारं माणूस यतीनने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

“बेताने घाला,” तो म्हणाला. “हाताला कळतं.”

ओकामोतोंनी वहीत लिहून घेतलं. हाताला कळतं. मग ते भटारखान्यात जाऊन आपल्या हाताकडे बघत बसले. त्यांच्या हाताला काही कळत नव्हतं. पण केळुसकर-सान म्हणाले होते म्हणजे ते स्वतःच्या हाताबद्दल म्हणाले असणार. आणि केळुसकर-सानचा हात जगात सर्वांत चांगला कुणाला ठाऊक होता? त्यांनी मौनीला विचारलं, की केळुसकर-सान एका थाळीत किती मसाला घालतात? मौनीने चार शुक्रवारांची सरासरी दिली, बरणीवर चमचा आपटण्याच्या आवाजावरून काढलेली. ओकामोतोंनी तिला एकशे साठाने गुणलं. बरणी रिकामी झाली तरी थोडा कमी पडला, म्हणून त्यांनी क्षमा मागितल्यासारखी त्यात सुकी लाल मिरची घातली.

शुक्रवारी बारा वाजता जेवणघरात एकशे चाळीस माणसं करी खायला बसली. बाकीचे कामावर होते आणि त्यांना थाळ्या जागेवर पोचवल्या होत्या. पहिला घास सगळ्यांनी एकदम घेतला, कारण तसं ठरलेलं होतं.

जपानी शिस्तीबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, पण ती पाहायची असेल तर त्या दिवशी पाहायला हवी होती. एकशे चाळीस चेहरे हळूहळू उगवत्या सूर्याच्या रंगाचे झाले. कुणाच्याही चमच्याचा ताल चुकला नाही. सगळ्यांनी थाळ्या स्वच्छ केल्या. कॅप्टन ताचिबानांनी रुमालाने कपाळ टिपलं आणि ‘उत्कृष्ट’ असं म्हणायला तोंड उघडलं.

उघडलेल्या तोंडातून उचकी आली.

मग दुसऱ्या टेबलावरून एक. मग खिडकीपाशी दोन. मग इंजिनरूममधून नळ्यांवाटे. दोन मिनिटांत अख्खं जहाज उचक्या देत होतं.

उचकीचा गुण असा, की ती कधी येणार हे ज्याला येते त्यालाही माहीत नसतं. छाती आणि पोट यांच्यामधला पडदा अचानक आखडतो, एवढीच गोष्ट. पण एकशे साठ पडदे आपापल्या मर्जीने आखडू लागले तर त्याचं गणित जगात कुठल्याच यंत्राला येत नाही. मौनीने अंदाज बांधले. ते चुकले. चुकीच्या वेळी झोपाळ्याला धक्के बसू लागले. उचकी नसताना टिकल्या उलटी उचकी देत, उचकी आली की गप्प बसत. यतीन धावत आपल्या पडद्यापाशी गेला तेव्हा त्याला दिसलं की माणसांच्या उचक्या राहिल्या बाजूला, आता साडेपाच हजार टनांचं जहाज स्वतः समुद्रात उचक्या देतंय.

त्याला एकट्याला काही झालं नव्हतं. तो असाच मसाला पन्नास वर्षं खात आला होता.

जेवणघरात परत आला तर तिथे वेगळीच अवकळा पसरली होती. माणसं बोटांवर काहीतरी मोजत होती. ओकामोतोंचा चेहरा पांढरा पडला होता.

“काय मोजताय?” यतीनने विचारलं.

“शंभर,” ओकामोतो म्हणाले, आणि उचकी दिली. “त्र्याहत्तर. आमच्याकडे लहानपणी सांगतात, लागोपाठ शंभर उचक्या लागल्या की माणूस मरतो.”

“यावर तुमचा विश्वास आहे?”

“मुळीच नाही. चौऱ्याहत्तर.”

कॅप्टन ब्याऐंशीवर होते आणि टोपी सरळ करत होते.

यतीनला स्वतःचं आश्चर्य वाटलं, पण तो खुर्चीवर चढला. नव्याण्णव पूर्णांक चार गुणांच्या माणसाने असं काही करणं मौनीच्या हिशेबात नव्हतं. त्याने जपानीत सांगितलं, की आमच्याकडे याचा अर्थ निराळा आहे. उचकी लागते म्हणजे आपलं माणूस दूर कुठेतरी आपली आठवण काढतंय. कोण काढतंय ते ओळखायचं. नावं घ्यायची, एकेक. बरोबर नाव आलं की उचकी थांबते.

जेवणघर विचारात पडलं. आमच्याकडे आठवण काढली की शिंक येते, असं एकाने हळूच नोंदवलं. पण मरणापेक्षा हा पर्याय बरा होता. माणसं नावं घेऊ लागली. आधी पुटपुटत, मग नीट. आयांची नावं आली. बायकांची आली. शाळेतल्या बाईंची, सलूनवाल्याची, भांडून बोलणं टाकलेल्या भावाची. मन नावांकडे लागलं की श्वास आपोआप लांबतो, पडद्याला आराम पडतो, हे त्यामागचं शास्त्र. पण तिथे शास्त्र कुणी विचारत नव्हतं. एकेकाची उचकी थांबत होती आणि थांबलेला माणूस शेजाऱ्याकडे अशा नजरेने बघत होता की जणू त्याला घरून तार आली.

कॅप्टन ताचिबाना त्र्याण्णवावर आले. त्यांनी पत्नीचं नाव घेतलं. चौऱ्याण्णव. मुलींची घेतली. पंच्याण्णव, शहाण्णव. मग त्यांनी भिंतीकडे बघून अगदी हलक्या आवाजात म्हटलं, “चियो.”

उचकी थांबली.

सर्व जण छताकडे पाहू लागले. चियो म्हणजे लहानपणी घरी असलेली कुत्री, असा खुलासा कॅप्टननी संध्याकाळी केला. कुणीही शंका घेतली नाही.

दोन वाजेपर्यंत जहाज शांत झालं. यतीन आपल्या खोलीत येऊन बसला. पावणेदोन तास समुद्रभर उचक्या गेल्या होत्या. पाणबुडीने त्या ऐकल्या नसतील तर ती पाणबुडी बहिरी असली पाहिजे. मौनी नापास, कुरे संपलं, पुढे सरकते जिने. त्याला फार वाईट वाटायला हवं होतं. ते वाटेना, कारण तो साडेतीनची वाट पाहत होता.

साडेतीनला दोन मिनिटं कमी असताना पडद्यावर ‘बघू’ हा शब्द हिरवा झाला. म्हणजे गेला.

खाली वृंदाचं उत्तर येईल म्हणून त्याने वाट पाहिली. आलं नाही. आतापर्यंत गॅसवाल्यापासून जांभळापर्यंत प्रत्येक वेळी तिचं पुढचं काहीतरी यायचं. आता पडदा रिकामा होता. तिने कॉट हलवायला घेतली असेल, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याच क्षणी त्याला उचकी लागली.

मसाल्याला दोष द्यावा तर जेवून तीन तास झाले होते.

त्याने नावं घेतली. आईचं घेतलं, सासूबाईंचं घेतलं, सोसायटीच्या सेक्रेटरीचं घेतलं. कॉलेजातल्या दोन-तीन जणींचीही घेऊन पाहिली, कॅप्टनचं उदाहरण ताजं होतं. थांबेना. वृंदाचं घ्यायचा प्रश्न नव्हता. नऊ दिवस तिच्याकडे नवरा होता, तोही चोख काम करणारा. ती कशाला आठवण काढील?

चार वाजता भोंगा झाला. सराव संपला. तासाभराने कॅप्टनचं बोलावणं आलं.

कॅप्टन हसत होते. त्यांच्या हातात पाणबुडीचा अहवाल होता आणि तो त्यांनी यतीनला वाचून दाखवला. समुद्र कधीच शांत नसतो. तळाशी कोळंबीची जात असते, ती चोवीस तास चुटक्या वाजवते. लाटा असतात, मासे असतात. या सगळ्या गलक्यात युनागी इतकी निःशब्द होती की पाणबुडीला बुधवारपासून समुद्रात एक भोक दिसत होतं, जहाजाच्या आकाराचं, ताशी बावीस सागरी मैलांच्या वेगाने चाललेलं. शुक्रवारी साडेबाराला ते भोक जहाज म्हणून जाहीर करायचं त्यांनी ठरवलं होतं. पण बारा वाजून दहा मिनिटांनी भोक उचक्या देऊ लागलं. पाणबुडीकडे जगातल्या सगळ्या जहाजांचे आवाज नोंदलेले होते. उचकी देणारं एकही नव्हतं. शेवटी त्यांनी नोंद केली होती ती अशी: ‘अनोळखी सागरी प्राणी. बहुधा कळपाने राहणारा. प्रकृती बरी नसावी.’

सारांश, युनागी सापडली नव्हती. आठही जहाजांना मौनी हवा होता, पण अधूनमधून चुकणारा. कुऱ्यातल्या तीन वर्षांच्या नेमणुकीवर वरिष्ठांनी सही केली होती, पद ‘अनियमितता सल्लागार’. कॅप्टननी कागद दोन्ही हातांनी पुढे केला आणि ते थांबले.

यतीनच्या जिभेवर शब्द तयार होता. नव्याण्णव पूर्णांक आठ टक्के तयार होता. तो ओठांपर्यंत आला आणि तेवढ्यात उचकी आली. शब्द आत गेला.

“फोन मिळेल?” त्याने विचारलं.

पुण्यात फोन बराच वेळ वाजला. मग वृंदाचा आवाज आला. मागे काहीतरी जड सरकवल्याचा आवाज होता.

“मिळालं उत्तर,” ती म्हणाली. “धन्यवाद कळवा.”

“वृंदा, मी बोलतोय.”

“कोण मी? आता तर आवाज पण काढता येत असेल तुम्हाला.”

यतीनने काही सांगायला तोंड उघडलं आणि उचकी दिली. मग दुसरी. पलीकडचं सरकवणं थांबलं.

“हे काय?”

“कधीपासून लागलीय. सगळ्यांची नावं घेऊन झाली.”

“सगळ्यांची?”

कॅप्टन सभ्यपणे भिंतीवरचा नकाशा पाहू लागले.

“ते जांभळाचं,” यतीन म्हणाला, “तू पानं उलटी करून ओळखलंस ना, ते कसं? म्हणजे पानाच्या मागे काय असतं? मला कळलं नाही ते.” उचकी. “आणि ट्रे दुसरीकडे ठेव. कॉट असू दे. मी येतोय. पंधरा दिवसांनी काम संपतं, तेव्हा येतो. कुरे नको. हे मी ठरवलंय, यंत्राने नाही. यंत्राला विचारलंस तर ते नाहीच म्हणेल.”

यतीनने तिचे बावीस वर्षांतले सगळे जबाब मनात चाळले. ‘सुचलं एकदाचं’ येईल, का ‘उपकार झाले’ येईल, का फोनच ठेवेल? पहिल्यांदाच त्याला काही अंदाज करता येईना. शुक्रवारी दुपारी मौनीला कसं वाटलं असेल ते त्याला समजलं.

“बघू,” वृंदा म्हणाली.

मग थोड्या वेळाने तिचाच आवाज पुन्हा आला. “आणि बरणी परत आण.”

यतीनने फोन ठेवला. कॅप्टननी कागद अजून तसाच धरला होता. यतीन वाकला, क्षमा मागितली, आणि पुढच्या उचकीची वाट पाहत उभा राहिला. ती आली नाही.

मग तो ओकामोतोंकडे बरणी मागायला गेला. ओकामोतोंनी ती धुऊन, पुसून, रेशमी रुमालात बांधून ठेवली होती. फक्त तिचं लाल झाकण काही सापडत नव्हतं. नेहमीप्रमाणे कुठेतरी पडलं असावं, असं ते म्हणाले, आणि दोघं जण ओट्याखाली वाकून शोधू लागले.